बघून पढलेली नमाज

आमच्या आणि खैरूनभाभीच्या घरात एकच भिंत आहे, आणि ती बिल्डरने बांधलेली असल्यामुळे तिच्यातून सगळं ऐकू येतं. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मी ऐकते, माझी नवऱ्याशी होणारी भांडणं ती ऐकते, आणि दुसऱ्या दिवशी चूक कोणाची होती तेही येऊन सांगते. रमजानच्या महिन्यात जेवणंखाणं आटोपली की ती नमाजेला उभी राहते आणि कुराण पढायला लागते. तो संथ आवाज सुरू झाला की मी टीव्ही बारीक करते. उपकार म्हणून नाही, इतक्या वर्षांची सवय आहे.

यंदा अर्धा रमजान सरला आणि एका रात्री तो आवाज आलाच नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. शिलाई मशीन चालू होती, म्हणजे बाई आजारी नव्हती. मग मला राहवेना.

खैरून बुरोंडकर दापोलीजवळच्या बुरोंडीची, मी गुहागरची. दोघी कोकणातल्या, म्हणून इथे शहरात, आंबोलीतल्या आमच्या जुन्या चाळीत आमचं पहिल्या दिवसापासून पटलं, असं सांगायला छान वाटेल, पण खोटं आहे. पहिली काही वर्षं आम्ही नळाच्या पाण्यावरून कडाकडा भांडत होतो. ती भांडायला लागली की गावच्या बोलीवर जायची, मीही जायचे, आणि चाळीतले बाकीचे लोक मजा बघत उभे राहायचे. नंतर माझ्या बाळंतपणात आईला गावाहून यायला उशीर झाला, तेव्हा हीच बाई सकाळ-संध्याकाळ पेज घेऊन यायची. भांडणं त्यानंतरही झाली, पण त्यात दम राहिला नाही.

तिचा नवरा शमशुद्दीन, आमचा शमशूभाई, मालवाहू बोटीवर भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी. वर्षातला बराच काळ समुद्रावर. घरी आला की बायकोला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचा नाही आणि सगळ्या चाळीला मटण खाऊ घालायचा. एका फेरीत कुठल्याशा लांबच्या बंदरात तो छातीत कळ येऊन गेला. कंपनीने त्याला तिथेच दफन केलं. खैरूनभाभीला एक फोटो मिळाला, त्यात मातीचा उंचवटा आणि मागे आपल्याकडे नसतात तसली झाडं. तिने तो एकदा बघितला आणि कपाटात कपड्यांच्या खाली ठेवून दिला. मुलगी लहान होती. भाभीने मशीन घेतली, फॉल-पिको, ब्लाउज, परकर करत मुलीला शिकवलं आणि पनवेलला तिचं लग्न करून दिलं. अंगाला बसेल असा ब्लाउज शिवते, पण गिऱ्हाईक जाडं झालेलं असेल तर तोंडावर सांगते.

शमशूभाईची कबर इतकी लांब की तिथे जाऊन फूल वाहायचा प्रश्नच नव्हता. मग तिने एक ठरवलं. रमजानच्या रात्रींत एक जास्तीची लांब नमाज असते. तिच्यात रोज थोडं थोडं करत महिन्याभरात सगळं कुराण पढून काढायचं. पुरुष मशिदीत जातात, तिथे ज्याला कुराण तोंडपाठ आहे असा माणूस पुढे उभा राहतो. भाभी घरीच पढते, पण पाठांतराच्या नावाने आनंदीआनंद. लहानपणी शिकवणाऱ्या बीबीचा मार खाऊनसुद्धा तिला शेवटची चिमुकली प्रकरणं सोडून काही पाठ झालं नाही. वाचता मात्र येतं सुरेख. म्हणून ती कुराण समोर ठेवते आणि नमाजेत उभ्या उभ्या बघून पढते. तिची आई बुरोंडीला असंच करायची, तांदळाच्या पिंपावर किताब ठेवून. महिना संपताना पुरं झालेलं ते सगळं भाभी शमशूभाईच्या नावाने बख्शते, म्हणजे त्याचं पुण्य त्याला पोचू दे म्हणून दुआ मागते. ईदच्या सकाळी मला शीरखुर्मा आणून देताना चेहरा असा असतो की जणू नवऱ्याला भेटूनच आली आहे.

आधी ती किताब मशीनच्या झाकणावर ठेवायची आणि वाकून वाकून तिची पाठ धरायची. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा माझ्या नवऱ्याने, चंद्रप्रकाशने, तिच्याच जुन्या खोलीच्या सागवानी दाराच्या लाकडातून छातीएवढा उंच एक स्टँड करून दिला. तो सिनेमाच्या सेटवर सुतारकाम करायचा, आयुष्यभर खोटे राजवाडे बांधले. हा स्टँड त्याने मन लावून केला. पानं घसरू नयेत म्हणून खाली कड, पडू नये म्हणून जड पाया. त्याला आपल्या आयुष्यातल्या ज्या दोन-चार कामांचा अभिमान आहे त्यात हा एक.

तर तिसऱ्या दिवशी सकाळी मी एक ब्लाउज घेऊन तिच्याकडे गेले. खरं म्हणजे तो बरोबर बसत होता. मला निमित्त हवं होतं. भाभी मशीनवर होती, आणि साडीचा फॉल उलट्या बाजूला लावत होती. झोपेत शिवला तरी जिचा टाका चुकत नाही ती बाई. स्टँड भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात लावलेला होता. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, मग मी इथेच बसते, मला आज काही काम नाही. माझा स्वभाव तिला ठाऊक आहे. थोड्या वेळाने तिने मशीन थांबवली.

झालं होतं ते असं. चौथ्या मजल्यावर यंदा निखत नावाची मुलगी राहायला आली आहे, आझमगडकडची, नवीन लग्न झालेली, गोड. तिला एकटीला करमेना, म्हणून भाभीबरोबर नमाज पढावी असं वाटून ती एका रात्री खाली आली. समोर स्टँडवर उघडी किताब बघून ती चपापली. खाला, असं बघून पढलं तर नमाज तुटते, असं तिने मावशीला सांगावं तसं हळूच सांगितलं. भाभीचा विश्वास बसेना. मग निखतने घरी जाऊन जवळच्या मशिदीच्या मौलानांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी निरोप आणला. मौलाना म्हणाले, हो, नमाज होत नाही.

मी म्हटलं, हा कसला न्याय? आमच्याकडे पोथी बघूनच वाचतात. पाठ म्हणणारा चुकेल, बघून वाचणारा कसा चुकेल? भाभीने माझ्याकडे बघितलंच नाही. ती सुईत दोरा ओवत होती आणि तो ओवला जात नव्हता.

"सुगंधा," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी त्याला रिकामाच डबा पाठवला गं."

मला वाटलं होतं की तिला पापाची भीती वाटत असेल. तसं नव्हतं. स्वतःचं काय होईल याची तिला पडलेलीच नव्हती. नमाज झाली नाही म्हणजे त्यातलं कुराण झालं नाही, कुराण झालं नाही म्हणजे शमशूभाईला इतक्या वर्षांत काही पोचलं नाही, आणि तो तिथे परक्या मुलखात बायको आपल्याला विसरली असं समजून पडून आहे, हा तिचा हिशेब. मला तो लगेच समजला. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा ऑफिसात साहेबांना उलट उत्तरं देणारा माझा दीर बाणगंगेवर हात जोडून रडायला आला होता. गेलेल्या माणसाला आपलं पोचलं की नाही, हे ज्याला कळत नाही त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही.

घरी येऊन मी चंद्रप्रकाशला सांगितलं. त्याने पेपर खाली ठेवला. मग त्याने विचारलं की स्टँड आपण केला, हिंदूच्या हातचा, म्हणून तर नाही ना मोडली तिची नमाज? मला इतका राग आला की मी त्याच्यावरच ओरडले. राग त्याच्यावर नव्हता. पण समोर तोच होता.

तो राग घेऊन मी चौथ्या मजल्यावर गेले. निखतने दार उघडलं आणि मला बघताच म्हणाली, आंटी, बसा, चहा टाकते. तिचा रोजा होता, घोटभर पाणीही पिणार नव्हती, आणि मला चहा विचारत होती. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी चहा नको म्हटलं आणि जमेल तेवढ्या कडक आवाजात विचारलं की तू हे काय करून ठेवलंस. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला लहानपणापासून जे शिकवलं होतं तेच तिने सांगितलं होतं, आणि स्वतःच्या सांगण्यावर विसंबून राहू नये म्हणून मौलानांना विचारलं होतं. खालाची मेहनत फुकट जाऊ नये एवढंच तिच्या मनात होतं. त्या दिवसापासून भाभी दार उघडत नाही म्हणून ती स्वतःच झुरत होती. मी मौलानांचा पत्ता घेतला आणि खाली आले.

भाभी यायला तयार नव्हती. एकदा विचारून झालंय, पुन्हा तेच ऐकायला कशाला जाऊ, म्हणाली. मी म्हटलं, विचारलं निखतने, तू नाही. माझ्या नवऱ्याचं सागवान वाया गेलंय, मला त्याचा जाब विचारायचाय, तू नुसती सोबत चल. चंद्रप्रकाश दारातून म्हणाला की तुझं तिथे काय काम. मी त्याला आत जायला सांगितलं. शेवटी भाभीने बुरखा चढवला, तिथे तोंड उघडायचं नाही अशी मला ताकीद दिली, आणि आम्ही निघालो.

मौलाना मशिदीच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर राहतात. मला वाटलं होतं कोणी डोळे वटारणारा म्हातारा असेल. निघाला चाळिशीचा, सडपातळ, सर्दी झालेला माणूस. त्यांच्या बायकोने आम्हाला आतल्या खोलीत बसवलं आणि तीही येऊन शेजारी बसली. भाभीने खाली मान घालून, आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं की नमाजेत किताब समोर ठेवून बघून पढलं तर काय. मौलानांना निखतचा फोन आठवला. त्यांनी तेच उत्तर दिलं, पण सौम्यपणे. नमाज होत नाही, पण तुम्हाला माहीत नव्हतं, अल्लाह माफ करणारा आहे, यापुढे जेवढं पाठ आहे तेवढंच पढा.

भाभीने मान हलवली. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, मौलानासाहेब, ही बाई आईने शिकवलं तसं आयुष्यभर करत आली, आता एका फोनवर तिचं सगळं पुसून टाकता? माझं हिंदी भांडणात आणखी बिघडतं. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात भाभीने माझा हात दाबला आणि सगळ्यांसमोर, चाळीत नळावर बोलायची त्याच बोलीत, मला झापलं.

"गप ऱ्हव गो जरा. ते काय खोटा सांगतत? माज्या आयशीनं दाखवला तसा मी केला. तिचा चुकला, माजा चुकला. आता काय तिला कबरीतून उठवून विचारू?"

मौलानांनी चष्मा काढला. ही कुठली बोली, त्यांनी विचारलं. मीच सांगितलं, आम्ही रत्नागिरीकडच्या, ही बुरोंडीची. तुम्ही कोकणी, ते भाभीला म्हणाले. भाभी हो म्हणाली. मग त्यांनी एक विचित्रच प्रश्न विचारला. पहाटेच्या नमाजेत तुम्ही उभ्या असताना हात वर करून दुआ मागता का? भाभी गोंधळली. मागते की, म्हणाली, रोज मागते, सगळेच मागतात ना? मौलाना म्हणाले, नाही, आमच्याकडे पहाटे कोणी मागत नाही.

मग ते थोडे पुढे सरकून, मुलांना शिकवावं तसं, सावकाश सांगायला लागले. मुसलमानांत चार मोठे इमाम मानतात, आणि नमाजेच्या बारीकसारीक गोष्टींत त्यांची मतं वेगळी आहेत. उत्तरेकडचे बहुतेक लोक एका इमामांना मानतात, ते हनफी. मौलाना स्वतः तेच, निखतही तीच. कोकणातले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या इमाम शाफईंना मानत आले आहेत. हनफींच्या मते नमाजेत किताब बघून पढलं तर नमाज मोडते. शाफईंच्या मते मोडत नाही. दोन्ही मतं मोठ्या विद्वानांची, दोन्ही मान्य, आणि ज्याने त्याने आपल्या वाटेने जायचं.

शाफई हा शब्द भाभीने ऐकलेला होता, निकाहाच्या वेळी काझींनी उच्चारला होता, पण त्याचा आपल्या रोजच्या नमाजेशी काही संबंध आहे हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? बुरोंडीत सगळेच तसे. सगळं गाव एकाच पद्धतीने पढतं तिथे पद्धतीला नाव कशाला लागतं?

"गलती मेरी है," मौलाना म्हणाले. "मसला पूछा गया, मैंने जवाब दे दिया. पूछनेवाली कौन है, यह नहीं पूछा."

मी भांडायची पुरी तयारी करून गेले होते आणि समोरच्याने स्वतःहून चूक कबूल केली, त्यामुळे माझी फार पंचाईत झाली. मौलाना एवढ्यावर थांबले नाहीत. मी हनफी माणूस, माझ्या शब्दावर विसंबू नका, तुमच्याच आलिमाकडून, शाफई विद्वानाकडून ऐका, असं म्हणून त्यांनी ओळखीच्या एका कोकणी मौलानांना फोन लावला, श्रीवर्धनकडचे कोणी, आणि फोन स्पीकरवर टाकून भाभीपुढे ठेवला. भाभीने पहिल्यांदा हिंदीत सुरुवात केली, मग तिकडून गावची बोली ऐकू आली तशी तीही बोलीत शिरली. आई पिंपावर किताब ठेवायची हेही सांगितलं, स्टँडचंही सांगितलं, आणि शेवटी, आवाज अगदी लहान करून, ते सगळं मी घरधन्याला बख्शत होते, असंही सांगितलं.

तिकडचा माणूस वयस्कर असावा. तो म्हणाला, "बाय, तुजी नमाज झाली. निवांत पढ. पान उलटताना उगाच फार हात हलवू नको, बस."

"आणि आधीच्या?" भाभीने विचारलं.

"आधीच्याही झाल्या."

मी तिच्या स्टँडबद्दलही विचारून घेतलं, हिंदू सुताराने केलेला चालतो का. फोनवरचा माणूस हसला. लाकडाला कसली जात, म्हणाला, सुताराला माझा सलाम सांगा. हे ऐकून चंद्रप्रकाशला काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसलं. पुढचा महिनाभर तो येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगत बसणार.

निघताना मौलानांच्या बायकोने भाभीला मिठी मारली. मौलाना दारापर्यंत आले आणि म्हणाले की निखतला मी स्वतः फोन करतो, तिला अपराधी वाटायला नको. आम्ही गल्लीतून बाहेर येऊन रिक्षा पकडतोय तोवर निखतचाच फोन आला. ती रडत होती. भाभी तिला समजावत होती की अगं वेडे, तू काही वाईट केलं नाहीस, आज रात्री ये, माझ्या मागे नको उभी राहू, शेजारी तुझी तू पढ, आणि नंतर मी सांदणं करणार आहे ती खाऊन जा. निखतला सांदण म्हणजे काय ते माहीत नव्हतं. भाभी तिला तांदूळ कसे भिजवायचे तिथपासून सांगायला लागली. मी रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, सावकाश घ्या, घाई नाही.

मग तिने फोन ठेवला. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी बघितलं, तर बुरख्याच्या बाहीने डोळे पुसत होती, आणि पुसणं संपत नव्हतं. मी तिचा हात धरला. दोन दिवस छातीवर ठेवलेला पाटा कुणीतरी उचलावा तसं मला वाटलं, मग तिला काय वाटलं असेल. फोटो मिळाला त्या दिवशीसुद्धा ती माझ्यासमोर रडली नव्हती.

जरा वेळाने तिने बाहेर बघत विचारलं, "पोचलं तर असेल. पण सुगंधा, त्याला कळत असेल का गं, मी पाठवलंय ते?"

मी म्हटलं, "अगं, तुझ्याशिवाय त्याला पाठवणारं आहेच कोण?"

ती माझ्याकडे वळली. आधी रागावल्यासारखी बघत राहिली आणि मग हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. ती त्याला म्हणाली, समोर बघून चालव बाबा, आम्हाला काही झालेलं नाही.